जेसीबीने वर आणलेली चुनखड : अथणीच्या उत्तरेकडच्या एका माळाचं प्रकरण

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातला अथणी तालुका दोन तऱ्हांचा. दक्षिणेला कृष्णाकाठ: काळी खोल जमीन, ऊस, कारखान्याला निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या. उत्तरेला जतच्या हद्दीकडे सरकत गेलं की माती पातळ होत जाते, बांधावर तरवड आणि बोरी दिसायला लागतात आणि माळ सुरू होतो. पाऊस वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलीमीटरच्या आसपास, तोही लहरी. घरात मराठी, बाजारात मराठी-कन्नड दोन्ही, आणि पहाणी उतारा कन्नडमध्ये.

हे प्रकरण तिथल्या एका घराचं आहे. गावाचं नाव देत नाही. शेजारच्या दोन-तीन रानांत पाहिलेल्या गोष्टीही यात मिसळल्या आहेत, कारण माळ फोडण्याचा हा प्रकार हद्दीच्या दोन्ही बाजूंना सर्रास चालू आहे.

दोघे भाऊ, वाटणी झालेली नाही. खाली ओढ्याकडेला काळं रान, त्यात ज्वारी आणि हरभरा. वर उताराचा पाच एकर माळ. हा माळ पिढ्यान्पिढ्या गवतासाठीच होता. दसऱ्याच्या सुमारास कापणी, उरलेल्यावर मेंढरं, आणि खिल्लारी बैलजोडी होती तेव्हा तिचा वर्षाचा चारा त्यातूनच निघायचा. बैल गेले, ट्रॅक्टर आला, आणि माळ 'पडीक' वाटायला लागला. धाकट्या भावाने विजयपूर जिल्ह्यातल्या इंडीची लिंबं पाहिली होती. इंडीच्या कागदी लिंबाला भौगोलिक मानांकनही आहे. "तिकडं काय आपल्यापेक्षा येगळी माती हाय व्हय?" हा त्यांचा प्रश्न. थोरल्यांना पटलं नव्हतं, पण बोअरला पाणी लागलं आणि विरोध संपला.

जेसीबी आणून वरचा-मधला साडेतीन एकर माळ फोडला. उतार थोडा मोडून पट्टे केले, मोठे दगड वेचून बांधाला लावले, वर दोनदा रोटर मारला. ठिबक अंथरून बियांपासूनची कागदी लिंबाची रोपं लावली. खालच्या एकराला जेसीबी लागलाच नाही. तिथे माती बरी होती म्हणून नुसते खड्डे काढून तीच रोपं लावली. उरलेला अर्धा एकर, अगदी कडेचा, खडकाळ म्हणून तसाच गवताला राहिला. हा योगायोग पुढे फार उपयोगी पडला, कारण तीन तऱ्हेची जमीन एकाच बांधावर उभं राहून ताडून पाहता आली.

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या पावसाळ्यात वरच्या पट्ट्यातली कोवळी पालवी पिवळी यायला लागली. शिरा हिरव्या, मधला भाग फिका, आणि शेंड्याकडे गेलं की जवळजवळ पांढरा. खालच्या एकरातली झाडं मात्र गडद हिरवी. पिवळेपणा दिसला तसं पाणी वाढवलं, तर तो आणखी वाढला. खतांचं दुकान गाठलं. तिथून जिप्सम आलं, मग सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण, मग डीएपी या नत्र-स्फुरदाच्या (नायट्रोजन-फॉस्फरसच्या) खताचा जादा हप्ता. मी ते रान पाहिलं तेव्हा वरची बरीच झाडं गुडघ्याएवढीच होती आणि काहींचे शेंडे वाळत चालले होते.

पानावरून निम्मं निदान होतं. नत्र कमी पडलं तर जुनी, खालची पानं आधी पिवळी होतात, कारण झाड नत्र जुन्या पानातून काढून नव्याला देतं. लोह तसं हलवता येत नाही, म्हणून लोहाची कमतरता नव्या पानावर दिसते आणि शिरा हिरव्या राहतात. खात्रीसाठी सोपी चाचणी आहे. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणि एक ग्रॅम सायट्रिक अॅसिड विरघळवायचं आणि चार-पाच पिवळ्या पानांवर ब्रशने निम्म्या भागाला लावायचं. आठ-दहा दिवसांत लावलेला भाग हिरवट व्हायला लागला आणि न लावलेला पिवळाच राहिला, तर झाडाला लोहच मिळत नाहीये. इथे तसंच झालं. एका पानाची डावी बाजू हिरवी आणि उजवी पिवळी, मधे ब्रशच्या रेघा स्पष्ट. थोरल्यांनी ते पान खिशात घालून घरी नेलं, धाकट्याला दाखवायला.

आता लोह का मिळत नाही? हा भाग दख्खनच्या काळ्या खडकाचा, बेसाल्टचा. या खडकात लोहाची काही वानवा नाही. शंभर किलो दगडात दहा किलोपेक्षा जास्त लोहाची ऑक्साइडं निघतात. म्हणजे झाड लोहाच्या ढिगावर उभं राहून लोहासाठी पिवळं पडतंय. याचं उत्तर मातीत होतं, म्हणून दोन खड्डे घेतले: एक जेसीबी फिरलेल्या पट्ट्यात, दुसरा त्या राखलेल्या अर्ध्या एकरात.

गवताच्या खड्ड्यात वरची वीतभर माती तांबूस-तपकिरी, बोटांत चोळली की मऊ, पण तिच्यात बारीक मुरूम भरपूर. मुळं दाट. तिच्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक अॅसिडचे थेंब टाकले तर अगदी थोडे बुडबुडे आले, कान लावला तर ऐकू येतील इतकेच. त्याच्या खाली मुरूम आणि दगड. इथला एक दगड मुद्दाम जागचा न हलवता काढला. वरचं अंग काळसर स्वच्छ, आणि खालच्या अंगाला पांढरी खरबरीत पुटं. दुसरा काढला, तिसरा काढला, सगळ्यांचं तेच. पावसाचं पाणी मुरताना दगडाला वळसा घालून खाली जातं आणि दगडाच्या पोटाला थेंब लटकून राहतो. तो तिथेच सुकतो आणि त्यात विरघळलेला चुना मागे ठेवून जातो. हजारो पावसाळ्यांनी हे पुट चढवलंय. हातभर खाली गेल्यावर पांढरा थर लागला, मुरुमाच्या फटींत आणि गाठींत भरलेली चुनखड. तिथे अॅसिडचा थेंब पडताच फेस उसळला.

म्हणजे न मोडलेल्या माळावर एक क्रम होता. वर चुना कमी असलेली पातळ माती, मधे दगडाच्या पोटाला चिकटलेला चुना, खाली चुन्याचा थर. गवताचं बरंचसं काम वरच्या वीत-दीड वितीत चालतं, त्यामुळे त्याचं भागत होतं.

जेसीबीच्या खड्ड्यात हा क्रमच नव्हता. पृष्ठभागापासूनच राखाडी-पांढरी माती, तिच्यात चुनखडीचे खडे आणि त्यांची भुकटी. वरच्या मातीवरच अॅसिड टाकलं तरी फेस. पाऊस पडून ऊन लागलं की तिच्यावर कडक पापुद्रा धरतो. जेसीबीच्या दातांनी थर उचलून वर आणला आणि रोटरने त्याचं पीठ केलं. हे पीठ करणं सगळ्यात घातक ठरलं. हरभऱ्याएवढा चुनखडीचा खडा मातीत असला तरी त्याचा फक्त बाहेरचा पृष्ठभाग पाण्याशी बोलतो, आत तो गप्प असतो. तेवढ्याच वजनाची भुकटी झाली की तिचा कण न् कण पाण्याला भिडतो आणि मुळाभोवतीचा सामू, म्हणजे पीएच, सव्वाआठच्या आसपास धरून ठेवतो. सामू एका अंकाने वाढला की लोहाची विद्राव्यता साधारण हजार पटीने घटते. लोह मातीत आहे, पण मुळाला घेता येण्याजोगं नाही.

पाणी वाढवल्यावर पिवळेपणा का वाढला, तेही यातच आलं. ओल्या, दाबलेल्या मातीत मुळांचा आणि जिवाणूंचा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडू शकत नाही. तो चुन्याला विरघळवून बायकार्बोनेट तयार करतो, आणि बायकार्बोनेट लोहाचं शोषण आणखी अडवतं. पावसाळ्यात पिवळं, उन्हाळ्यात थोडं बरं, असं ज्या बागेत दिसेल तिथे आधी पाणी कमी करून बघावं. बहुतेक जण उलटं करतात.

चुना आला कुठून, हे भावांनी विचारलं. कारण यादवाड-लोकापूरकडे चुनखडकाच्या खाणी आहेत आणि आपल्याकडेही खाली तसलाच खडक असणार, असा त्यांचा समज होता. तो कलादगी गटातला जुना, थराथरांचा चुनखडक. त्याचा अथणीच्या माळाशी संबंध नाही. इथला चुना बेसाल्टमधूनच आलाय. या खडकात कॅल्शियम ऑक्साइडही दहा टक्क्यांच्या आसपास असतं. खडक झिजतो, कॅल्शियम सुटं होतं. पाऊस भरपूर असेल तर ते धुऊन नदीला जातं. आपल्याच जिल्ह्यात खानापूर-जांबोटीकडे जाऊन बघा, तिथली तांबडी जमीन आम्लधर्मी, तिला उलट चुना घालावा लागतो. अथणीत पाऊस इतका कमी की कॅल्शियम हातभर खाली जाऊन थांबतं, पाणी उडून जातं आणि चुना बसतो. एकाच जिल्ह्यात एकीकडे चुना विकत आणायचा आणि दुसरीकडे त्याच्यापासून सुटका कशी करायची ते विचारायचं.

अहवाल काय सांगत होते

इथे जरा थांबायला हवं, कारण भावांनी लागवडीआधी माती तपासली नव्हती असं नाही. सरकारी मृदा आरोग्य पत्रिका होती. ती कन्नडमध्ये, थोरले मराठी शाळेत शिकलेले, त्यामुळे धाकट्याने वाचून दाखवली होती. पत्रिकेत बारा गोष्टी येतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल (मँगनीज) आणि बोरॉन. मुक्त चुन्याचा, म्हणजे मातीत मिसळलेल्या चुनखडीचा, रकाना त्यात नाही. सामू ८.२ लिहिला होता आणि लोहापुढे 'कमी'. सामू वाचून कुणाला काही वाटलं नाही, कारण या पट्ट्यात सगळ्यांचाच तेवढा येतो.

लिंबूवर्गीय झाडांना मुक्त चुना दहा टक्क्यांच्या वर नको, हे धाकट्याने कुठेतरी वाचलं होतं, म्हणून खासगी प्रयोगशाळेत तेवढी तपासणी वेगळी करून घेतली. उत्तर दहाच्या खाली आलं आणि जेसीबीला हिरवा कंदील मिळाला. आकडा खोटा नव्हता. पण नमुना घेतला होता वरच्या वीतभर मातीचा, जेसीबी फिरण्याआधीचा. ज्या थरात झाडाची मुळं पुढे जाणार होती तो थर प्रयोगशाळेत गेलाच नाही. दुसरी गोष्ट, प्रयोगशाळा माती दोन मिलीमीटरच्या चाळणीतून चाळते आणि चाळणीवर राहिलेले खडे बाजूला ठेवते. मुरमाड जमिनीत चुनखडीचा मोठा वाटा त्या खड्यांतच असतो. आज तो खडा आहे, रोटर फिरल्यावर उद्या तो भुकटी होणार, आणि अहवालात त्याचा पत्ता नाही.

चाळणीची ही अडचण खतांच्या आणि पाण्याच्या हिशेबातही येते. अहवालातलं प्रमाण चाळलेल्या मातीचं. निम्मं आकारमान दगड-मुरमाचं असेल तर एकरी खरी माती निम्मीच, तिची पाणी धरायची ताकदही निम्मीच. म्हणून मुरमाड जमिनीला थोडं-थोडं, पण जास्त वेळा पाणी लागतं. एकदम सोडलं तर खाली निघून जातं किंवा दाबलेल्या थरावर साचतं.

माझ्या मते माळ फोडायचा विचार असलेल्याने तीन नमुने वेगळे द्यावेत: वीतभर, हातभर आणि दोन हात खोल. मुक्त चुना वेगळा मागून घ्यावा. चाळणीवर राहिलेल्या खड्यांवरही अॅसिडचा थेंब टाकून बघायला सांगावं. खर्च जेसीबीच्या एका तासाएवढाही येत नाही.

दुकानातून आलेले उपाय

जिप्सम आधी. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. चोपण जमिनीत, जिथे सोडियम मातीला चिकटून बसलेला असतो आणि सामू साडेआठच्या वर गेलेला असतो, तिथे जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं. कृष्णाकाठी बारमाही पाण्याने ज्या उसाच्या जमिनी बिघडल्या त्यांना ते औषध आहे. माळाला नाही. इथे कॅल्शियमचीच चंगळ आहे, सोडियमचा त्रास नाही, आणि आपण पोत्यांनी कॅल्शियमच ओततोय. चुनखड दिसली की जिप्सम, हे समीकरण इतकं रुजलंय की दुकानदाराला दोष देण्यातही अर्थ नाही, गिऱ्हाईकच तेच मागतं.

डीएपीचा जादा हप्ताही वाया. स्फुरद चुन्याशी बांधला जाऊन अविद्राव्य होतो, आणि जो मोकळा राहतो तो लोह-जस्ताला आणखी अडचण करतो. युरिया मातीवर फेकला तर अशा सामूला त्यातला बराच नत्र अमोनिया होऊन हवेत जातो. टाकायचाच तर मातीआड करून लगेच हलकं पाणी द्यावं. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या मिश्रणात लोह ईडीटीए या लोहाला धरून ठेवणाऱ्या रसायनाच्या रूपात होतं. सामू साडेसहाच्या पुढे गेला की ते रूप लोहाला धरून ठेवत नाही. आठ-सव्वाआठला ते मातीत देणं म्हणजे पैसे मातीत देणं. अशा मातीत टिकतं ते ईडीडीएचए हे तसलंच दुसरं रसायन. त्याचं पाणी गडद लाल होतं, आणि किंमतही तशीच. ठिबकातून थोडं थोडं दिलं तर काम करतं, पण दरवर्षी द्यावं लागतं.

धाकट्यांचा पुढचा प्रश्न रास्त होता: "मग चुनाच घालवून टाकू. गंधक टाकलं की आम्ल होतंय म्हणं." हिशेब मातीवर काडीने मांडून दाखवला. एकरात वीतभरापेक्षा थोडी कमी, पंधरा सेंटीमीटर मातीचं वजन साधारण आठशे टन. निम्मे दगड-मुरूम सोडले तर चारशे टन. त्यात बारा टक्के चुना धरला तर अठ्ठेचाळीस टन. एक किलो गंधक पूर्ण आम्ल झालं तर साधारण तीन किलो शंभर ग्रॅम चुना संपवतं. म्हणजे एकरी पंधरा टन गंधक, तेही फक्त वरच्या थरासाठी. आणि रोटरखाली सापडलेल्या खड्यांतून नवीन भुकटी येत राहणार ती वेगळीच. धाकटे काही बोलले नाहीत, काडी घेऊन आकडे परत एकदा गिरवले आणि मग हसले. सगळी जमीन बदलता येत नाही. झाडाच्या बुंध्याभोवती शेणखतात मिसळून मूठ-दोन मूठ गंधक दिलं तर तेवढ्या पसाभर मातीत मुळांना सोय होते, आणि तेवढीच त्याची खरी जागा.

पट्ट्यापट्ट्याने निर्णय

खालचा एकर: ठेवायचा. उतारावरची माती शेकडो वर्षं वाहून खाली साठते, म्हणून तिथे माती खोल आणि चुन्याचा थरही खोल. तिथली झाडं हिरवी होती यात नवल नव्हतं. एकच बदल केला. ठिबकच्या तोट्यांवर पांढरी खपली धरत होती. बेसाल्टातल्या बोअरचं पाणी बहुधा जड असतं, त्यातल्या बायकार्बोनेटमुळे पाण्याबरोबर चुनाही मातीत जातो. म्हणून पाण्याची तपासणी करून त्याच्या हिशेबाने ठिबकातून आम्ल सोडायचं ठरलं, आणि पाणी बुंध्याला चिखल होईल इतकं कधीच नाही.

मधला पट्टा: इथे वाद झाला. धाकट्यांना झाडं काढायची नव्हती, दोन वर्षं पोसलेली. ईडीडीएचएवर ती जगतील, पण बियांपासूनच्या कागदी लिंबाला तिथे कायम सलाइनवर ठेवावं लागणार, असं माझं मत. रंगपूर लिंबाच्या खुंटावरची (मूळ रंगपूरचं, वर कागदी लिंबू) कलमं असती तर चुना त्यांना जास्त झेपला असता. ती वेळ निघून गेली. शेवटी जी झाडं कमरेच्या वर होती ती ठेवली आणि बाकीची जागा बोर आणि सीताफळाला दिली. बोर या माळाचंच झाड. बांधावरच्या रानबोरीवर सुधारित जातीचा डोळा भरला की खड्डा काढायचीही गरज नाही, मूळ आधीच चुनखडीत उतरलेलं असतं. सीताफळालाही मुरूम चालतो. खड्डे पहारीने काढले. वरची माती एका बाजूला, पांढरी दुसऱ्या बाजूला, आणि भरताना पांढरी बाहेरच ठेवली. तळ्यातला गाळ आणायचं ठरत होतं, पण आणण्याआधी त्यावर अॅसिडचे थेंब टाकून बघितले. गाळही याच माळांवरून वाहून आलेला, त्यामुळे फेसाळणारा निघतो. एका तळ्याचा फेसाळला, दुसऱ्याचा जवळजवळ नाही. दुसऱ्याचा आणला.

वरचा पट्टा: परत गवताला.

हे ऐकून धाकट्यांचा चेहरा उतरला. जेसीबीला पैसे घालून परत गवत, म्हणजे गावात हसं. पण हिशेब गावाला द्यायचा नव्हता. त्या उतारावर मातीच कमी, चुना सगळ्यात जास्त, आणि दगड वेचून काढल्यामुळे उरलेली माती प्रत्येक वळवाला खाली येत होती. माळावरचे सुटे दगड आपल्याला अडचण वाटतात, पण ते थेंबाचा मार अंगावर घेतात, वाहतं पाणी अडवतात, आणि दगडाखालची माती उन्हात जास्त दिवस ओली राहते. बांधाला लावलेल्या दगडांतले निम्मे परत उतारावर समपातळीत ओळी धरून मांडले. चर मारायचा सल्ला एकाने दिला होता. तो नाकारला, कारण चराची माती म्हणजे परत खालची चुनखड वर.

गवताचं

राखलेल्या अर्ध्या एकरात काय उगवतं ते आधी पाहिलं. वरच्या कडेला कुसळी, मधे पवना, खाली जिथे माती धरते तिथे मारवेल. द्वीपकल्पातल्या कोरड्या माळांचं हे ठरलेलं मिश्रण आहे. चराईचा ताण वाढला की आधी पवना आणि मारवेल जातात, कुसळी उरते. आणखी ताण पडला की कुसळीही विरळ होऊन नुसती तरवड आणि काटेरी झुडपं राहतात, कारण तरवडीला मेंढरू सहसा तोंड लावत नाही. म्हणजे माळाकडे पाहून मागच्या वीस वर्षांची चराई सांगता येते.

मोडलेल्या पट्ट्यावर नुसती कुसळी येऊ देणं परवडणारं नव्हतं. तिचं बी भाल्यासारखं टोकदार, मागे लांब केस. ओल लागली की तो केस पिळा सोडतो, वाळला की परत पीळ भरतो, आणि या उलटसुलट फिरण्याने बी मातीत शिरतं. मातीऐवजी लोकर मिळाली तर लोकरीतून कातडीत शिरतं. म्हणून कुसळीचा माळ फुलोऱ्यात कापतात, बी पक्कं होण्याआधी. दसऱ्याच्या सुमाराची जुनी कापणी याच हिशेबाची होती. नंतर कापलं तर चाराही काडीसारखा आणि मेंढरांच्या तोंडाला जखमा.

नव्याने पेरायला अंजन गवत आणि स्टायलो घेतलं. अंजनाला चुना चालतो, ते हलक्या जमिनीत खोल मुळं धरून तग धरतं आणि स्टायलो द्विदल असल्याने हवेतला नत्र मातीत आणतं. अंजनाचं बी कापसासारखं हलकं, वाऱ्याने उडतं, म्हणून ओलसर माती आणि शेणात मळून बारीक गोळ्या करून पहिल्या चांगल्या पावसाआधी टाकल्या. पेरणीआधी उन्हाळ्यात धनगरांच्या मेंढ्या काही रात्री बसवल्या होत्या. लेंडीमुताचा फायदा होताच, शिवाय खुरांनी वरचा पापुद्रा फुटला. त्यानंतरचे दोन पावसाळे माळ बंद, एकही जनावर आत नाही. ही अट पाळणं सगळ्यात कठीण गेलं. शेजाऱ्यांच्या शेळ्यांना कुंपण आणि नातं दोन्ही कळत नाही.

पहिल्या पावसाळ्यात अंजन ठिगळाठिगळाने आलं. जिथे दगडांच्या ओळी होत्या तिथे वरच्या बाजूला दाट, आणि जिथे पापुद्रा कायम राहिला तिथे काहीच नाही. स्टायलो दुसऱ्या वर्षी दिसायला लागलं. पूर्वीचा माळ परत आलेला नाही. पवना तर त्या पट्ट्यात अजून एकही दिसला नाही, तो बाजूच्या अर्ध्या एकरातून सरकत यायला किती वर्षं घेईल हे त्याचं तोच जाणे.

एक बाजूची गोष्ट, पण अशा माळांशी घट्ट जुळलेली. घरची गाय गोठ्याशेजारी पडलेलं हाड चघळायची. थोरल्यांना वाटलं कॅल्शियम कमी पडलं. ज्या माळावर दगडालाही चुना चिकटलाय तिथल्या गवतात कॅल्शियम कमी पडण्याची शक्यता कमीच. कमी पडतं ते स्फुरद, कारण तो चुन्याने बांधून ठेवलेला असतो आणि वाळल्या गवतात तर नगण्यच उरतो. हाडं चघळणं हे त्याचं नेहमीचं लक्षण. चुन्याची पूड चारणं बंद करून स्फुरद असलेलं खनिज मिश्रण पशुवैद्यांना विचारून सुरू केलं. काही आठवड्यांत गाय हाडाकडे बघेनाशी झाली. जुनं हाड तोंडात अडकून किंवा त्यातून विषबाधा होऊन जनावर दगावतं, म्हणून याकडे दुर्लक्ष नको.

अजून न मिटलेलं

धाकटे द्राक्षाचं म्हणतात. अथणीकडे तेलसंग-अनंतपूर भागात द्राक्ष आणि बेदाणा चांगला रुळलाय, आणि खिळेगाव बसवेश्वर उपसा सिंचन योजनेचं कृष्णेचं पाणी आपल्या शिवारात खेळेल ही आशा गावोगाव आहे. त्यांच्या म्हणण्यात एक मुद्दा खरा आहे. नदीचं पाणी बोअरपेक्षा सहसा कमी जड असतं, त्यामुळे पाण्यातून मातीत जाणारा चुना घटेल आणि बायकार्बोनेटचा त्रासही. पण जेसीबीने वर आणलेली भुकटी त्या पाण्याने खाली जाणार नाही, आणि द्राक्षालाही लोहाचा हाच आजार होतो. खुंट निवडताना क्षार किती सोसतो एवढंच विचारतात, चुना किती सोसतो हेही विचारायला हवं.

थोरल्यांचं म्हणणं, द्राक्ष लावायचंच तर खालच्या काळ्या रानाच्या कडेला लावा, माळाला हात लावू नका. मी थोरल्यांच्या बाजूचा, पण त्यांच्या कारणासाठी नाही. काळ्या रानातही हातभर खाली चुनखडीचे खडे असतात. तिथेही आधी दोन हात खोल खड्डा घेऊन थराथरावर अॅसिड टाकून बघायला लागेल. तो खड्डा या उन्हाळ्यात घ्यायचा ठरलाय, पहारीने.